‘प्रोहिबिट’ नेमकं कुठे आणि कसं वापरायचं

सोसायटीच्या गेटवर ‘बाहेरच्यांना येथे वाहने लावण्यास मनाई आहे’ अशी पाटी असते. तीच इंग्रजीत करताना बहुतेक जण ‘व्हिजिटर्स आर प्रोहिबिटेड टू पार्क हिअर’ असं लिहितात. यात चूक आहे ती ‘टू’ची, आणि ती येते आपल्या ‘-ण्यास’मधून: ‘लावण्यास’ म्हटलं की ‘टू पार्क’ आपोआप सुचतं. पण प्रोहिबिटला ‘फ्रॉम’ लागतं आणि त्यापुढच्या क्रियापदाला ‘-इंग’: ‘व्हिजिटर्स आर प्रोहिबिटेड फ्रॉम पार्किंग हिअर’. कोणाला मनाई आहे हे सांगायचं नसेल तर ‘पार्किंग प्रोहिबिटेड’ एवढं पुरतं. पाटीसाठी ‘नो पार्किंग’ त्याहून बरं, कारण पाटी चालत्या गाडीतून वाचायची असते.

नियमावली लिहिताना क्रम असा ठेवा: आधी मनाई करणारा नियम, मग प्रोहिबिट, मग कोणाला, मग फ्रॉम आणि ‘-इंग’. ‘द रूल्स प्रोहिबिट टेनंट्स फ्रॉम स्टोअरिंग सिलिंडर्स ऑन द टेरेस.’ सवलत द्यायची असेल तर ती वाक्याच्या शेवटी येऊ द्या: ‘एक्सेप्ट विथ द सेक्रेटरीज रिटन परमिशन’.

याहून धोक्याची चूक नकाराची. ‘कोणीही धूम्रपान करू नये’ हे डोक्यात धरून ‘नो वन इज प्रोहिबिटेड फ्रॉम स्मोकिंग’ लिहिलं, तर अर्थ उलटा होतो: कोणालाच मनाई नाही, खुशाल ओढा! नकार प्रोहिबिटच्या पोटातच आहे, त्याला बाहेरून ‘नो’ किंवा ‘नॉट’ जोडू नका.

जवळच्या दोन शब्दांशी गल्लत होते. ‘फरबिड’ला मात्र ‘टू’ चालतं, आणि तो माणसामाणसांतला शब्द आहे. आई मुलाला गच्चीवर जायला मनाई करते ती ‘फरबिड’. तिथे ‘प्रोहिबिट’ लिहिलं तर आईने परिपत्रक काढल्यासारखं वाटतं. ‘बॅन’ बातम्यांचा लाडका, कारण मथळ्यात मावतो. नाम म्हणून त्याला ‘ऑन’ लागतं: ‘अ बॅन ऑन प्लास्टिक बॅग्ज’. 2018 साली महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी आली तेव्हाच्या इंग्रजी बातम्यांत हीच रचना होती. ‘बॅन ऑफ प्लास्टिक’ असं लिहू नका. क्रियापद म्हणून ‘बॅन’ माणसाला लावलं की प्रोहिबिटसारखंच ‘फ्रॉम’.

स्पेलिंगचा नियम आघातावर चालतो. ‘फरबिड’चा जोर शेवटच्या ‘बिड’वर आहे, म्हणून ‘फरबिडन’मध्ये डी दोनदा. ‘प्रोहिबिट’चा जोर मधल्या ‘हि’वर आहे, म्हणून ‘प्रोहिबिटेड’मध्ये शेवटचा टी एकदाच. उच्चारातही एक गंमत आहे: क्रियापदात ‘ह’ ऐकू येतो, पण ‘प्रोहिबिशन’ या नामात इंग्रज सहसा तो गाळून ‘प्रोइबिशन’ म्हणतात.

कायद्यातला वापर बघायचा तर आपलं संविधान उघडावं; इतके स्वच्छ नमुने दुसरीकडे सापडणं कठीण. अनुच्छेद 24 च्या शीर्षकात ‘प्रोहिबिशन’ आहे, पण खालच्या मजकुरात तो शब्द येत नाही. तिथे चौदा वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात वा खाणीत कामाला ठेवू नये हे ‘नो चाइल्ड... शॅल बी एम्प्लॉइड’ असं थेट सांगितलंय. शीर्षकात नाम आणि कलमात ‘शॅल नॉट’ किंवा ‘नो... शॅल’ ही पद्धत तुमच्या उपविधींतही उचला. अनुच्छेद 17 मध्ये अस्पृश्यतेसाठी मात्र ‘फरबिडन’ आहे. म्हणजे फरबिड फक्त घरगुती नाही. गंभीर, नैतिक निषेधाचं वजनही तो पेलतो.

मराठीत आणताना एकच प्रतिशब्द धरून बसू नका. ‘डाउरी प्रोहिबिशन अ‍ॅक्ट, 1961’ला आपण हुंडा प्रतिबंधक कायदा म्हणतो. पण कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याच्या नावात ‘प्रिव्हेन्शन’ आणि ‘प्रोहिबिशन’ शेजारी-शेजारी आहेत. ‘प्रतिबंध’ पहिल्यानेच घेतल्यामुळे दुसऱ्याला ‘मनाई’ द्यावी लागते. ‘बॉम्बे प्रोहिबिशन अ‍ॅक्ट, 1949’ म्हणजे दारूबंदीचा कायदा. नुसतं ‘प्रोहिबिशन’, तेही मोठ्या पीने, दिसलं तर बहुधा दारूबंदीच समजा. अमेरिकेच्या संदर्भात 1920 ते 1933 चा काळ.

शेवटी दोन विशेषणं. ‘प्रोहिबिटरी ऑर्डर्स’ म्हणजे मनाई आदेश, जसे जमावबंदीचे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 144 खाली निघायचे ते आता नव्या संहितेच्या कलम 163 खाली निघतात. ‘प्रोहिबिटिव्ह’ बहुतेक वेळा किमतीला लागतं: ‘प्रोहिबिटिव्ह रेंट’ म्हणजे बेकायदा भाडं नव्हे, तर ऐकूनच माणूस घर घ्यायचा विचार सोडेल इतकं चढं भाडं.