रेसिंग गेमचं स्टिअरिंग व्हील खरंच किती बारीक वाचतं, घरीच तपासा

बॉक्सवर १६ बिट लिहिलंय म्हणून ६५,५३६ स्टेप (म्हणजे व्हीलच्या वेगवेगळ्या ओळखल्या जाणाऱ्या जागा) मिळणारच असं धरून चालू नका, कारण तो आकडा फक्त व्हील ज्या पट्टीत पीसीला माहिती पाठवतं तिचा असतो, आतला सेन्सर तेवढं बारीक वाचतो असं नाही.

तपासायचं कसं, तर विंडोजमधल्या कंट्रोलरच्या नेहमीच्या खिडकीत नुसता बार किंवा फुली हलताना दिसते, त्याने काही कळत नाही. डीआयव्ह्यू नावाचं छोटं सॉफ्टवेअर घ्या, त्यात कच्चे आकडे दिसतात. आता व्हील अगदी हळू, घड्याळाच्या तासकाट्यासारखं सरकवा आणि आकडा कितीने उडी मारतो ते बघा. माझ्या जुन्या व्हीलवर ३२,७६८ वरून थेट ३२,८३२, मग ३२,८९६, म्हणजे दर वेळी ६४ ची उडी! ६५,५३६ भागिले ६४ केलं की खऱ्या स्टेप उरल्या १,०२४. व्हील ९०० डिग्री फिरत असेल तर एक स्टेप जवळपास ०.८८ डिग्रीची झाली, आणि सरळ रस्त्यावर वेगात असताना आपण त्याहून कमीच हलवतो, म्हणून मग गाडी आधी काहीच ऐकत नाही आणि नंतर एकदम झटका देते. गेममध्ये सेन्सिटिव्हिटी वाढवून हे सुटत नाही, उलट प्रत्येक स्टेपला टायर जास्त वळतो.

दुसरी गोष्ट सॅम्पलिंगची, म्हणजे व्हील सेकंदाला किती वेळा माहिती पाठवतं त्याची. सेकंदाला १२५ वेळा माहिती गेली तर दोन वाचनांत ८ मिलिसेकंद जातात, २०० किमी वेगाला तेवढ्यात गाडी साधारण ४४ सेंटीमीटर पुढे गेलेली असते, आणि १,००० वेळा गेली तर जेमतेम साडेपाच. लिनक्स असेल तर ईव्हीटेस्ट ही व्हीलकडून येणारी प्रत्येक नोंद वेळेसकट दाखवणारी कमांड चालवा, व्हील सतत फिरवत ठेवा (थांबलात तर बरीच व्हील्स काही पाठवतच नाहीत) आणि वेळेच्या आकड्यांमधला फरक बघा. फरक कधी ८, कधी २० मिलिसेकंद असा येत असेल तर आधी यूएसबी हब काढून केबल थेट पीसीच्या मागच्या पोर्टला लावा.

पेडल्स पण बघाच. पाय न लावता आकडा थरथरत असेल तर बहुतेक पोटेंशिओमीटरमध्ये (पेडल किती दाबलंय ते मोजणाऱ्या भागात) धूळ गेलीय. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पेडल पाच-पन्नास वेळा दाबा, आणि तरी थोडी थरथर राहिलीच तर तेवढ्यापुरताच डेडझोन (म्हणजे गेम दुर्लक्ष करेल असा सुरुवातीचा भाग) द्या, २-३ टक्के. स्टिअरिंगला मात्र डेडझोन शून्यच ठेवा.