टीव्ही बंद करायचा, तर रिमोटने नको

मी डिश बसवतो. २००६ पासून वाळवा तालुक्यातल्या पत्र्यांवर चढून छत्र्या फिरवतोय. टीव्ही बंद करा असं मी सांगणं म्हणजे दारूच्या दुकानदाराने माळ घालायला सांगण्यासारखं. तरी सांगतो. कारण गावभर टीव्ही लावता लावता आमच्या घरातलं बोलणं ‘मीठ द्या’ आणि ‘आवाज कमी करा’ एवढ्यावर आलं होतं.

कल्पना माझी नाही. आमच्याच जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावात २०२२ साली गावाने ठरवलं: संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की साडेआठपर्यंत टीव्ही-मोबाइल बंद. ते मुख्यतः पोरांच्या अभ्यासासाठी. आमची पोरं पुण्यात. म्हटलं, दोघांपुरता भोंगा कशाला, कुकर आहे की. तिसरी शिट्टी झाली की बंद.

पहिल्याच दिवशी तिसरी शिट्टी झाली ती बरोबर हिच्या मालिकेत, सासू दार उघडणार एवढ्यात. मी बटण दाबलं. दोन दिवस अबोला. तेव्हा शिट्टीचा नाद सोडा. मालिका अर्ध्या तासात संपते, ती संपू द्या, आणि बंदची वेळ त्यानंतरची धरा. आमची साडेआठ ते साडेनऊ. आणि आधी आपल्या बातम्या सोडायच्या. बातम्यांत चारजण एकदम ओरडतात, त्यातलं आपल्याला सकाळी एक वाक्य आठवत नाही.

आता माझ्या धंद्यातलं. रिमोटने बंद केलेला टीव्ही झोपलेला नसतो, पेंगत असतो. लाल दिवा जळतो, खालचा बॉक्सही जागाच. रिमोट हाताशी असला की अंगठा आपसूक जातो. म्हणून भिंतीवरचं बटण बंद करा. पुन्हा लावलंच, तर बॉक्स सुरू होऊन चित्र यायला वेळ जातो. तेवढ्यात कितीदा तरी माणूस उठून पाणी प्यायला जातो आणि विसरतो.

पहिली दहा मिनिटं नुसता पंखा ऐकू येईल. येऊ दे. समोर बसून ‘बोल, काय म्हणतेस?’ असं चुकूनही विचारू नका. मी विचारलं, तर ही म्हणाली, “का हो, पैसे पाहिजेत का?”

हाताला काम घ्या आणि शेजारी बसा. मेथी उत्तम, शेंगा त्याहून उत्तम, कारण शेंगा संपत नाहीत. आम्ही पेपर पसरून मेथी निवडत होतो. मी देठासकट टाकत होतो, ती माझ्या ढिगातून परत काढत होती. बोलणं एवढंच, “हा देठ जून आहे.” वाकली तेव्हा कानाकडे लक्ष गेलं. कुडीच्या मागे फिरकी नव्हती, केरसुणीची काडी खोचलेली.

“हे काय?”

“फिरकी पडली मोरीत. संक्रांतीला.”

तेव्हा होळी दोन दिवसांवर आली होती. रोज तिच्या शेजारी बसून मी टीव्ही बघत होतो. बोलली का नाहीस, विचारलं, तर म्हणे, “तुम्ही मॅच बघत होता.” मग फिरकीवरून सोनार, सोनारावरून तिची धाकटी बहीण, तिच्या जावेचं भांडण... साडेदहा वाजले. भाजी राहिली, पिठलं टाकलं.

मोबाइलही त्याच वेळी फ्रिजवर ठेवायचा, उपडा. हप्ते, पोरांच्या फिया, भावकीचा बांध हे विषय त्या तासात काढू नका. त्यांना सकाळचा चहा आहे. रोज जमत नाही. कुणाचा फोन येतो, “दादा, सिग्नल गेला,” मी शिडी घेऊन निघतो. आणि भारताची मॅच असली की सूट. फक्त आता जाहिरात लागली की ही आवाज बंद करते आणि म्हणते, “हं, तर मी काय सांगत होते...”