इराणी सिनेमा पाहताना या चुका टाळा

सर्वात मोठी चूक म्हणजे 'लहान मुलांचा गोड सिनेमा' समजून तो लावून देणं. अब्बास किआरोस्तामींचा 'व्हेअर इज द फ्रेंड्स हाऊस?' (१९८७) घ्या. आठ वर्षांच्या अहमदकडून मित्राची वही चुकून घरी येते. गृहपाठ वहीत दिसला नाही तर मास्तर मित्राला शाळेतून काढणार असतात, म्हणून अहमद शेजारच्या गावी धावतो. गोष्ट एवढीच. ती संथ वाटली, तर अहमदचं कोण ऐकून घेतं याकडे लक्ष ठेवा. आई एका दमात 'अभ्यासाला बस' म्हणते आणि घरातली कामंही सांगते. आजोबा त्याला सिगारेट आणायला पिटाळतात. सिगारेट त्यांच्याजवळ असतेच, पोराला हुकूम पाळायची सवय लागावी एवढाच हेतू. आपले वडील पैसा द्यायला कधीमधी विसरत, पण मार द्यायला कधीच नाही, हेही ते कौतुकाने सांगतात. सत्ता इथे ओसरीवर बसलेली आहे, तिला गणवेश लागत नाही.

याच्या उलट चूक अभ्यासू मंडळी करतात: प्रत्येक मूल म्हणजे सरकारवरची छुपी टीका. सेन्सॉर कडक आहेच. दिग्दर्शक जाफर पनाहींवर २०१० मध्ये वीस वर्षांची चित्रपटबंदी लादली गेली. पण किआरोस्तामींचा पहिला लघुपट, गल्लीतला मुलगा आणि कुत्रा, १९७० चा. तेव्हा शहाची राजवट होती आणि आजचं सरकार आणणाऱ्या इस्लामी क्रांतीला नऊ वर्षं अवकाश होता, म्हणजे मुलांवरचे सिनेमे त्याआधीपासूनचे.

घरात, नवऱ्यासमोरही बाईच्या डोक्यावर रुमाल दिसतो, त्यावरून इराणी घरांबद्दल मत बनवू नका. तो पडद्यासाठीचा नियम आहे. त्यामुळे बरेच दिग्दर्शक घरातले प्रसंगच टाळतात किंवा बाई नुकतीच बाहेरून आल्याचं दाखवतात.

असगर फरहादींच्या 'अ सेपरेशन'मध्ये (२०११) दोषी कोण, हे शोधत बसू नका. सुरुवातीला घटस्फोटाच्या कोर्टात नवरा-बायको थेट कॅमेऱ्याकडे पाहून भांडतात, न्यायाधीश दिसत नाही. त्याच्या खुर्चीत आपल्यालाच बसवलंय, आणि निकाल देण्याची घाई आपण करतोच. आई की बाप, त्यांच्या मुलीने शेवटी कोणाला निवडलं हे सिनेमा सांगतच नाही; ते यूट्यूबवर शोधणं तर निव्वळ वेळेचा अपव्यय.

आणि डबिंग नको. बहराम बेझाईंच्या 'बाशू'मध्ये दक्षिणेतून इराण-इराक युद्धामुळे पळून आलेला मुलगा अरबी बोलतो, त्याला आसरा देणारी उत्तरेतली बाई गिलकी ही तिकडची भाषा. पाठ्यपुस्तकातली फारसी दोघांना जोडते. सगळे एकाच हिंदीत बोलायला लागले की हा प्रसंगच उरत नाही.