कॉमिक कन्व्हेन्शनमध्ये जुने अंक स्वस्तात कसे शोधावेत

अमेरिकेत स्थायिक झालेल्या अनेक मराठी वाचकांच्या लहानपणी इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ होता. त्याच वेताळाचे, म्हणजे ‘द फँटम’चे, साठ आणि सत्तरच्या दशकांतले अमेरिकी अंक इथल्या कॉमिक कन्व्हेन्शनमध्ये, म्हणजे कॉमिक्सच्या चाहत्यांच्या आणि विक्रेत्यांच्या मेळाव्यांत, आजही परवडणाऱ्या किमतीला मिळतात, हे मात्र त्यांच्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते. मी गेली काही वर्षे हेच अंक गोळा करतो आहे, त्यामुळे पुढची बहुतेक उदाहरणे वेताळाची आहेत. पण पद्धत कोणत्याही मालिकेला लागू पडते.

कुठे जावे

सर्वांत प्रसिद्ध कन्व्हेन्शन सॅन दिएगोचे. ते 1970 मध्ये सुरू झाले आणि आज तिथे लाखाहून अधिक माणसे येतात. पण त्यांतली बरीच गर्दी चित्रपट, मालिका आणि खेळण्यांसाठी असते. जुन्या अंकांसाठी शार्लटचे हीरोजकॉन किंवा बाल्टिमोरचे कन्व्हेन्शन मला अधिक योग्य वाटते, कारण या दोन्ही ठिकाणी छापील कॉमिक्सना अजूनही मानाची जागा आहे. याहूनही मी नवख्या माणसाला एखाद्या हॉटेलच्या सभागृहात भरणाऱ्या एका दिवसाच्या छोट्या प्रदर्शनाला जायला सुचवेन. तिथे प्रवेश स्वस्त असतो, गर्दी बेताची असते आणि विक्रेत्याला आपल्याशी बोलायला वेळ असतो. अशा प्रदर्शनांची पत्रके जवळच्या कॉमिकच्या दुकानात हमखास मिळतात.

यादी हीच खरी तयारी

यादीशिवाय गेलेला माणूस दिसेल ते उचलतो आणि घरी आल्यावर हळहळतो. हव्या असलेल्या अंकांचे क्रमांक कागदावर लिहून घ्यावेत, कारण भरलेल्या सभागृहात फोनचे नेटवर्क अनेकदा दगा देते. मालिकेचा इतिहासही आधी वाचून ठेवावा. उदाहरणार्थ, ‘द फँटम’चे पहिले 17 अंक गोल्ड की या प्रकाशनाने 1962 ते 1966 या काळात काढले, पुढचे 28 व्या अंकापर्यंतचे किंग कॉमिक्सने आणि 30 ते 74 हे चार्लटनने. 29 क्रमांकाचा अंक अमेरिकेत निघालाच नाही. हे ठाऊक नसलेला वाचक त्या एका अंकासाठी प्रत्येक खोके उपसत बसतो.

प्रत्येक क्रमांकापुढे आपण जास्तीत जास्त किती देणार तो आकडा लिहावा. त्यासाठी 1970 पासून निघणारी ओव्हरस्ट्रीटची किंमत-मार्गदर्शिका उपयोगी पडते, पण तिच्या जोडीला ऑनलाइन लिलावांत तो अंक अलीकडे प्रत्यक्षात कितीला गेला हेही पाहावे. विक्रेत्याने सांगितलेली किंमत आणि प्रत्यक्षात मिळणारी किंमत यांत पुष्कळ अंतर असते.

सोबत एक, पाच आणि दहा डॉलरच्या सुट्या नोटा ठेवाव्यात, आणि अंक दुमडू नयेत म्हणून पुठ्ठ्याचे एक लहान खोकेही न्यावे. पाठीवरची मोठी सॅक टाळावी. अरुंद वाटेत वळताना ती शेजारच्याच्या हातातल्या अंकावर आपटते.

खोक्यांपुढे उभे राहिल्यावर

आत गेल्यावर पहिला अर्धा तास काहीही न घेता फक्त एक फेरी मारावी. मागच्या भिंतीवर आणि काचेच्या कपाटात महागडे अंक असतात; ते डोळे भरून पाहावेत आणि पुढे जावे. आपले काम टेबलावरच्या लांब खोक्यांत आणि त्याहूनही अधिक टेबलाखालच्या खोक्यांत असते. नावाप्रमाणे नीट लावलेल्या खोक्यांतल्या अंकांना विक्रेत्याने बहुधा विचार करून किंमत लावलेली असते. ‘कोणताही अंक एक डॉलर’ अशी पाटी असलेल्या अस्ताव्यस्त खोक्यांकडे मात्र त्याला लक्ष द्यायला सवड मिळालेली नसते, आणि तिथेच गुडघे टेकून बसणाऱ्याला लाभ होतो.

अशा खोक्यांत मुखपृष्ठावरची छापील किंमत घड्याळासारखी वापरावी. साधारणपणे 10 सेंटचा अंक 1961 पर्यंतचा, 12 सेंटचा 1962 ते 1969 मधला, 15 सेंटचा त्यानंतरच्या दोन वर्षांतला, आणि 25 सेंटचा सत्तरच्या दशकाच्या मध्यावरचा असतो. त्यामुळे डॉलरच्या खोक्यात 12 किंवा 15 सेंटचा अंक दिसला, तर नाव ओळखीचे नसले तरी हात थांबवावा. मी स्वतः चार्लटनच्या भुताखेतांच्या मालिकांकडे आवर्जून पाहतो, कारण त्यांत स्टीव्ह डिटको यांची उत्तम चित्रे आहेत आणि सुपरहीरोंच्या मागे लागलेली गर्दी तिकडे फिरकत नाही.

याउलट, नव्वदच्या दशकातले चकचकीत ‘पहिले अंक’ पाहून भुलू नये. 1991 च्या ‘एक्स-मेन’च्या पहिल्या अंकाच्या 80 लाखांहून अधिक प्रती छापल्या गेल्या आणि पुढे भाव येईल या आशेने लोकांनी त्या जपून ठेवल्या, म्हणून त्या आजही ढिगांनी मिळतात. आधीच्या पिढ्यांतल्या मुलांनी अंक खिशात दुमडून नेले, मित्रांना दिले, रद्दीत घातले. म्हणूनच त्यांतले थोडे उरले.

अंक उघडून पाहिल्याशिवाय घेऊ नये

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. आधी विक्रेत्याची परवानगी घ्यावी. अंक ज्या प्लॅस्टिकच्या पिशवीत असतो तिच्या तोंडावरची चिकटपट्टी पूर्ण काढून बाजूला लावावी, कारण ती अर्धवट उघडी ठेवून अंक बाहेर ओढला तर ती मुखपृष्ठाला चिकटून रंगासकट कागद उपटते. मग अंक तळहातावर आडवा ठेवून कण्यावरच्या चिरा पाहाव्यात, पिना गंजल्या आहेत का ते पाहावे, आणि मधले पान पिनांना धरून आहे ना याची खात्री करावी. पानाचा कोपरा हलक्या बोटाने दाबल्यावर तुकडा पडत असेल किंवा नाकाशी कुबट वास येत असेल, तर तो अंक कितीही स्वस्त असला तरी परत ठेवावा. बुरशी एका अंकातून शेजारच्या अंकांत पसरते.

शेवटी एकेक पान उलटावे. एकदा घाईत मी वेताळाचा एक अंक न उघडता घेतला. घरी वाचताना कळले की कोणीतरी जाहिरातीचे कूपन नीट चौकोनी कापून घेतले आहे आणि त्याच्या मागच्या बाजूला असलेली गोष्टीची शेवटची चौकट त्याच्याबरोबर गेली आहे. मार्व्हलच्या 1974 पासूनच्या अंकांत वाचकांनी कापून जमवण्यासाठी छोटी तिकिटे छापलेली असत. वुल्व्हरिनमुळे गाजलेल्या ‘हल्क’च्या 181 व्या अंकातही असे तिकीट आहे, आणि ते कापलेले असेल तर अंकाची किंमत एकदम कोसळते.

जुने मुखपृष्ठ जसेच्या तसे छापलेल्या नव्या आवृत्त्याही बाजारात असतात. आतल्या बारीक अक्षरांतल्या प्रकाशनाच्या मजकुरात साल आणि पुनर्मुद्रणाचा उल्लेख असतो, तो वाचावा.

अंकांची अवस्था 0.5 ते 10 या श्रेणीत मोजतात; 10 म्हणजे निर्दोष. वाचण्यासाठी घेणाऱ्याने 3 ते 5 श्रेणीचे, घड्या पडलेले पण सर्व पाने असलेले अंक खुशाल घ्यावेत. गोष्ट तीच असते आणि किंमत निर्दोष प्रतीच्या कितीतरी कमी.

भाव कसा करावा

एकेका अंकावर घासाघीस करू नये. एकाच विक्रेत्याकडचे दहा-पंधरा अंक बाजूला काढावेत, बेरीज स्वतः करावी, आणि मग सगळे मिळून कितीला द्याल असे सरळ विचारावे. मालाला नावे ठेवून भाव पाडायचा प्रयत्न केल्यास समोरचा दुखावतो आणि पुढच्या वेळी आपल्यासाठी काही राखून ठेवत नाही. शेवटच्या दिवशी दुपारनंतर, जड खोकी परत न्यायची नसल्याने, अनेक विक्रेते स्वतःच किमती उतरवतात. मात्र वर्षभर न सापडलेला अंक आपल्या यादीतल्या आकड्यात बसत असेल, तर संध्याकाळची वाट न पाहता तो तेव्हाच घ्यावा.

घरी आणल्यावर

जुनी पिवळी पिशवी टाकून नवी पिशवी आणि आम्लरहित पुठ्ठा घालावा. साठच्या दशकातले अंक आजच्यापेक्षा रुंद असल्याने त्यांना ‘सिल्व्हर’ मापाची पिशवी लागते. अंक उभे ठेवावेत आणि दमट तळघरात ठेवू नयेत. भारतात नेणार असाल, तर दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये धरून हातातल्या बॅगेतूनच न्यावेत, आणि मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून त्या वेळोवेळी बदलाव्यात. मिळालेले क्रमांक त्याच रात्री यादीतून खोडावेत. माझ्याकडे चार्लटनच्या 43 व्या अंकाच्या तीन प्रती आहेत, त्या हे काम उद्यावर टाकल्यामुळेच.