नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना ध्येय ठरवायला मदत कशी करावी

दहावीचा निकाल लागल्यानंतर अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाचा पसंतीक्रम भरायला मुंबईतील विद्यार्थ्याच्या हाती मोजकेच दिवस असतात, आणि त्या दिवसांत घरातली चर्चा टक्के, कटऑफ आणि नामांकित महाविद्यालये यांभोवतीच फिरत राहते. पुढे नेमके काय करायचे, हा प्रश्न त्या घाईत सुटत नाही. म्हणून पालकांनी किंवा वर्गशिक्षकांनी हे काम नववीच्या दिवाळीच्या सुट्टीतच हाती घ्यावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

पहिल्या बैठकीला अर्धा तास पुरतो. त्या वेळी ‘तुला कोण व्हायचे आहे?’ असे विचारू नये, कारण या प्रश्नाला मुले मोठ्यांना आवडेल असे तयार उत्तर देतात आणि बोलणे तिथेच संपते. गेल्या महिन्यात कोणते काम करताना वेळेचे भान राहिले नाही, वर्गातले मित्र कोणती अडचण घेऊन तुझ्याकडे येतात, कोणता गृहपाठ तू शेवटपर्यंत टाळतोस, असे विचारावे आणि उत्तरे विद्यार्थ्यानेच स्वतःच्या शब्दांत एका वहीत लिहावीत. गणेशोत्सवात मंडळाच्या देखाव्याची वायरिंग करणारा मुलगा ती गोष्ट अभ्यासाची नाही म्हणून आपणहून सांगत नाही. मोठ्यांनी तिची आठवण करून द्यावी आणि तीही वहीत येऊ द्यावी.

यापुढची पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि नेमकी तीच बहुतेक घरांत गाळली जाते. ज्या कामाचे स्वप्न आहे ते काम विद्यार्थ्याने प्रत्यक्ष पाहिले पाहिजे. नातेवाईक, शेजारी, शाळेचे माजी विद्यार्थी यांच्यापैकी कोणी परिचारिका, लेखापाल, वायरमन किंवा प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ असेल, तर त्यांच्या सवडीने आणि रीतसर परवानगी घेऊन अर्धा दिवस त्यांच्याबरोबर काढावा; परवानगी मिळत नसेल तर निदान तासभर त्यांच्याशी बोलावे. दिवसातले किती तास कशात जातात, शिक्षणाला किती वर्षे आणि किती पैसे लागले, पहिला पगार किती होता, या कामातले काय नकोसे वाटते, हे प्रश्न आधीच लिहून न्यावेत. एखाद्या मुलीला अशा भेटीनंतर ते क्षेत्र नको वाटले, तरी ती भेट वाया गेली असे समजू नये.

मग ध्येयापासून मागे मोजत यावे. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेसाठी बारावीला जीवशास्त्र असावे लागते. एनडीएमधून, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून, नौदलात किंवा हवाई दलात जायचे असेल, तर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हे तिन्ही विषय लागतात. म्हणजे अकरावीचे विषय निवडतानाच काही दारे उघडी राहतात, तर काही बंद होतात. पण अकरावी हा एकच रस्ता नाही, हेही मुलांना स्पष्ट सांगावे. दहावीनंतर तीन वर्षांची अभियांत्रिकी पदविका करून पुढे पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, आणि आयटीआयमधील बरेचसे अभ्यासक्रम एका किंवा दोन वर्षांचे असतात. चित्रकलेची ओढ असलेल्या मुलांनी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय परीक्षा शाळेत असतानाच द्याव्यात.

पालकांचे मत वेगळे पडले, तर वाद घालत बसण्याऐवजी त्यांची काळजीही त्याच वहीत लिहावी. ‘यात पैसा नाही’ या वाक्यामागे बहुधा शुल्क, नोकरीची शाश्वती किंवा घराचे हप्ते यांपैकी एखादी खरी चिंता असते, आणि अशा प्रत्येक चिंतेसमोर मिळवलेली माहिती लिहिता येते. मुलानेही ही चिंता गांभीर्याने ऐकावी.

मोठे ध्येय ठरले की ते आठवड्यापर्यंत खाली आणावे. ‘गणितात 90 गुण’ असे लिहून उद्या काय करायचे ते कळत नाही. ‘वर्गसमीकरणांचा पहिला सरावसंच रविवारपर्यंत सोडवायचा’ असे लिहिले की कळते. शेजारी वेळ आणि जागाही लिहावी. एका खोलीच्या घरात संध्याकाळी टीव्ही, पाहुणे आणि लहान भावंडे यांच्यामध्ये बसून अभ्यास होईल, असे गृहीत धरणे मुलावर अन्याय करणारे आहे. जवळची अभ्यासिका, शाळा सुटल्यावर मिळणारा रिकामा वर्ग किंवा पहाटेचा एक तास, यांतले जे खरोखर शक्य असेल तेच ठरवावे.

प्रत्येक सत्र परीक्षेनंतर वही पुन्हा उघडावी. गुण कमी पडले असतील तर आधी आठवड्याची आखणी तपासावी, ध्येयाला लगेच हात लावू नये. मात्र आवडच बदलली असेल, तर बदलाचे कारण विद्यार्थ्याकडून दोन-तीन ओळींत लिहून घ्यावे, जुने पान न फाडता नवे पान सुरू करावे आणि पुढच्या बैठकीची तारीख त्याच पानावर टाकून ठेवावी.