ऑडिओबुकचा प्लेअर हातात घेऊनच निवडा
दृष्टिहीन माणसासाठी प्लेअर घ्यायला मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाल, तेव्हा ज्याला वापरायचाय त्यालाच सोबत न्या. लोकलच्या गर्दीत, खिशात हात घालून बटण सापडायला हवं. त्यामुळे उठावदार बटणं हवीत, न बोलणारी टचस्क्रीन नकोच. दुकानातच पुस्तक मधे थांबवून प्लेअर बंद करा, परत लावा. थांबलं तिथूनच सुरू झालं पाहिजे. दहा तासांच्या पुस्तकात जागा शोधत बसणं फार जिवावर येतं हो!

घरात सॅन्सा क्लिप प्लस हा जुना छोटा एमपी३ प्लेअर पडून असेल तर भंगारात देऊ नका. त्यात रॉकबॉक्स हे मोफत सॉफ्टवेअर आणि त्याची व्हॉइस फाइल टाकली की मेनू बोलू लागतो, बुकमार्कही ठेवता येतात. प्रकरणांच्या फाइलींना ०१, ०२ असे क्रमांक मात्र आधीच द्या.