खडपातले रंगीत जीव बघायला जाताय? या चुका टाळा

दिवाळी झाली की मालवण-देवगडकडे येणारे बरेच जण विचारतात, नेटवर फोटोत असतो ना तो रंगीबेरंगी मॅन्टिस श्रिम्प, कोळंबीसारखा दिसणारा समुद्री जीव, तो इथे कुठे दिसेल? आणि मग रविवारी दुपारी १२ वाजता किनाऱ्यावर उतरतात, अर्धा तास उन्हात फिरतात आणि "काहीच नाही हो इथे" म्हणून जेवायला जातात. मला खरंच वाईट वाटतं, कारण जीव तिथेच असतात, वेळ चुकलेली असते.

तर पहिली चूक तीच. खडपात, म्हणजे किनाऱ्यावरच्या कातळात, जायचं तर सुट्टी नाही, तिथी बघायची. आपल्याकडे जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट करा की पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमीला ८ ची पाऊणपट ६, म्हणजे ६ वाजता भरती आणि १२ च्या सुमारास पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी. आता तुम्ही म्हणाल, मग दुपारी १२ बरोबरच की! नाही, कारण अष्टमीला भांग, म्हणजे कमी जोराची भरती-ओहोटी असते, पाणी जेमतेम उतरतं, रंगीत जीव राहतात तो खालचा कातळ उघडाच पडत नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, तेव्हा भरती सव्वाअकराच्या आसपास आणि सुकती संध्याकाळी पाच-साडेपाचला, उन्हं तिरपी झालेली, पाणी पार लांब गेलेलं. हा हिशोब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून निघण्याआधी मोबाईलवर टाइड टेबल बघाच. आणि सुकतीच्या तासभर आधी पोचा, उतरत्या पाण्यामागून चालत जा, पाणी परत फिरलं की तुम्हीही फिरा. पुढे बघत राहिलात तर मागची घळ कधी भरते कळत नाही.

दुसरं म्हणजे घाई. डबक्यावर जाऊन वाकलं, सावली पडली की सगळे कपारीत. सूर्य समोर राहील असं बसा आणि पाच मिनिटं हलू नका. आधी नुसतं शेवाळ दिसतं, मग एक शंख चालायला लागतो आणि कळतं की आत शंखवाला खेकडा आहे, मग ज्याला तुम्ही चिखलाचा गोळा समजत होतात तो हळूच उघडतो आणि ते हिरवट-तपकिरी समुद्रफूल (फुलासारखा दिसणारा प्राणी, सी ॲनिमोन) निघतं, बारीक बारीक बोटं पसरलेलं. दगडाखालून "टक्क" असा आवाज आला तर दचकू नका, तो बहुतेक पिस्तूल कोळंबीचा, तिचा एक नांगा मोठा असतो आणि तो इतक्या झटक्यात मिटतो की पाण्यात बुडबुडा तयार होऊन फुटतो, आवाज त्या फुटण्याचा. लोक ह्यालाच मॅन्टिस श्रिम्प समजतात.

आता मॅन्टिस श्रिम्पचं नीट सांगतो. फोटोतला हिरव्या अंगाचा, केशरी पायांचा आणि ठिपकेवाला असतो तो मोरपंखी जातीचा, प्रवाळाजवळ बिळात राहणारा. तो ठोसा मारतो, सेकंदाला सुमारे २३ मीटर वेगाने, शिंपल्याचं कवच फुटतं. आपल्या जाळ्यात नेहमी येतो तो वेगळा, फिकट पिवळसर-करडा, चिखलात बीळ करून राहणारा आणि ठोसा नाही तर काटेरी हाताने भोसकणारा. म्हणून त्याला खडपात शोधू नका, सकाळी रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढतात तिथे जा. मी लहानपणी तिथेच पहिल्यांदा पाहिला, ओल्या जाळीत कोळंबीच्या ढिगात, देठावरचे दोन डोळे दोन दिशांना फिरवत. मी हात पुढे केला तेवढ्यात मासे निवडणारी काकी ओरडली, "शेपटेक हात लावू नको रे झिला, फाडतला तो!" खरंच, शेपटीच्या कडेला करवतीसारखे काटे असतात. आणि ठोसा मारणाऱ्या रंगीत मॅन्टिस श्रिम्पला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त रंग दिसतात असं सगळीकडे लिहिलेलं असतं, तेही अर्धंच खरं. डोळ्यात रंगांसाठी १२ प्रकारच्या पेशी असतात, आपल्याला ३, पण २०१४ च्या प्रयोगात जवळजवळचे दोन रंग ओळखण्यात तो माणसापेक्षा कमी पडला. तरी मॅन्टिस श्रिम्पचे ते डोळे एकदा जवळून बघाच.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते दगड उलटून तसाच टाकल्यामुळे. दगडाच्या खालच्या बाजूला स्पंज, अंडी, चपटे छोटे खेकडे असं अख्खं घर चिकटलेलं असतं. ते वर राहिलं तर उन्हात तासाभरात सुकतं आणि वरचं शेवाळ खाली जाऊन कुजतं. उचललाच तर होता तसा, त्याच जागी, हळू ठेवा. खेकड्याला नांगीने उचलू नका, सुटण्यासाठी तो नांगी तोडून देतो आणि ती पुन्हा पूर्ण वाढायला कितीतरी वेळा कात टाकावी लागते.

बादलीचंही तसंच. माझ्या भाच्याने एकदा खेकडा, नाजूक हातांचा तारामासा आणि एक समुद्री ससा (समुद्रातली गोगलगाय) एकाच बादलीत घातले, आम्ही सोलकढी पिऊन येईपर्यंत पाणी कोमट झालेलं, सशाने जांभळी शाई सोडलेली आणि तारामाशाचे हात गळालेले. तो पोरगा रडला, मलाही फार लागलं. घरी नेऊन नळाच्या पाण्यात तर कोणीच जगत नाही, मीठ घातलं तरी नाही.

शेवटी हाताचं. नक्षीदार, शंकूसारखा शंख जिवंत असेल तर खिशात टाकू नका, कोन शंखाचा विषारी काटा कापडातूनही लागतो आणि काही जातींचा जीवघेणा असतो. पावसाळ्यात वाळूवर निळे फुगे (जेलीफिशसारखे जीव) येतात, ते वाळलेले असले तरी त्यांचे धागे डंख करतात. लागलंच तर वाळूने चोळू नका, गोडं पाणी ओतू नका, समुद्राच्याच पाण्याने धुवा, धागे चिमट्याने काढा, मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा तास ठेवा. श्वास लागला, उलटी झाली किंवा शंखाचा काटा लागला असेल तर घरगुती उपायात वेळ घालवू नका, गाडी काढा आणि सरळ दवाखान्यात जा.